शिपाई, राहणार कुलाबा

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, मागाहून तक्रार नको. या सफरीत तुम्ही महाराजांच्या बाजूला नाही. इतिहासात फेरी मारायला चला म्हटलं की आपल्याकडे प्रत्येकाला मावळाच व्हायचं असतं. झाडीत दबा धरायचा, धोंडे लोटायचे, घसा फाटेस्तोवर गर्जना करायची. पण उंबरखिंडीत त्या दिवशी दोन फौजा होत्या आणि घाट उतरून आलेल्या फौजेत माणसं कितीतरी अधिक होती. चिठ्ठ्या टाकल्या तर तुमचं नाव तिकडेच निघण्याचा संभव जास्त. शिवाय फसलेल्या फौजेला लढाई जशी दिसते तशी ती जिंकणाऱ्याला कधीच दिसत नाही.

तर शके १५८२, माघ शुद्ध चतुर्दशी. इंग्रजी तारीख २ फेब्रुवारी १६६१. तुम्ही मोगल सरदार कारतलबखानाच्या पायदळात बंदूकची आहात. गाव माहूरच्या आसपासचं. तिथली देशमुखीण सावित्रीबाई, बादशहाने जिला रायबागन हा किताब दिला, ती तुमची धनीण. ती या मोहिमेत आहे म्हणून तुम्हीही आहात. फौजेत अमरसिंह, मित्रसेन आहेत, तसेच सर्जेराव गाढे, जसवंतराव कोकाटे आणि जाधवराव हे आपलेच मराठेही आहेत. तुम्ही शिवी देता ती मराठीत, आणि समोरून येईल तीही मराठीतच येणार आहे. त्याचं तुम्हाला विशेष काही वाटत नाही. स्वराज्य आणि बादशाही हे शब्द तुमच्या डोक्यात नाहीत. थकलेला पगार आणि फाटलेला जोडा, एवढंच आहे.

शायिस्ताखान मागच्या उन्हाळ्यापासून पुण्यात तळ देऊन बसलाय. चाकणच्या एवढ्याशा भुईकोटाने त्याला जवळजवळ दोन महिने झुंजवलं, तेव्हापासून डोंगरी किल्ल्यांचं नाव काढलं की त्याच्या सरदारांच्या कपाळाला आठी पडते. आता त्याला खालचं कोकण हवंय: कल्याण, भिवंडी, पनवेल, चौल, नागोठणे. म्हणून तुम्ही तळेगाव मागे टाकलं, लोहगडाच्या अंगाने निघालात आणि कुरवंड्याच्या पठारावर येऊन थांबलात. आज याच पठारावर भारतीय नौदलाचं तंत्रशिक्षण केंद्र आहे आणि त्याचं नाव ‘आयएनएस शिवाजी’. कारतलबखानाने जिथून पाय घसरायला सुरुवात केली तिथे नेमकं हे नाव लागावं, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

तुम्ही काळ्या मातीच्या सपाट मुलखातले. पठाराच्या कडेला येता आणि पुढची जमीन एकदम संपते. खाली धुकट हिरवं काहीतरी पसरलंय. वाट म्हणावी तर बकऱ्यांची. फौज या वाटेवर शिरते ती एकामागे एक अशी. पुण्याच्या रस्त्यावर हीच फौज नजर पोहोचेल तिथवर पसरलेली होती. आता तिचा दोरा झालाय, आणि त्या दोऱ्यावर तुमच्या पुढे कोण आहे आणि मागे कोण, यापलीकडे तुम्हाला काही कळत नाही.

खांद्यावर तोड्याची बंदूक आहे. लढाईच्या गोष्टींत बंदुका नुसत्या धडाडतात. प्रत्यक्षात तुमचा सगळा जीव तोड्यात अडकलेला असतो. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी. ती पेटत नाही, धुमसत राहते. ती विझली की बंदूक म्हणजे लोखंड जोडलेलं लाकूड. म्हणून ती जळती ठेवायची, अधूनमधून फुंकर घालायची, राख झटकायची आणि कमरेच्या शिंगड्यातल्या दारूपासून लांब धरायची. हे सगळं उतारावर, एका हाताने करवंदीची जाळी बाजूला सारत. बार एकदा काढला की पुन्हा नळीत दारू ओता, गोळी टाका, गजाने ठासा, कानात रंजक भरा, तोडा चापात बसवा. मोकळ्या मैदानात सवयीच्या माणसालाही यात बराच वेळ जातो. तेवढ्या वेळात झाडावरचा माणूस बाण मारून, खाली उतरून, दुसऱ्या झाडावर चढलेला असतो.

उतार दीड-दोन हजार फुटांचा. गुडघे बोलायला लागतात. माघातली थंडी पठारावरच राहिली, खाली हवा हलत नाही. फौजेबरोबर बुणगे आहेत, लादलेले बैल आहेत, पखाली आहेत. पण पखाली मागे, खूप मागे. अरुंद वाटेवर मागचा पुढे येऊ शकत नाही आणि पुढचा मागे जाऊ शकत नाही. शेजारचा पिकल्या मिशांचा बंदूकची विचारतो, “पोरा, पाणी आहे का रे थोडं?” तुमच्याकडे नाही. दुपारपर्यंत हा प्रश्न तुम्ही इतक्या जणांच्या तोंडून ऐकता की कोणी विचारलं तरी उत्तर देत नाही.

उतरणीच्या पायथ्याशी चावणीचं रान लागतं. अंबा नदीचा काठ, दोन्ही बाजूंना टेकाडं, मध्ये झाडीने गच्च भरलेली चिंचोळी वाट. परमानंद कवींद्राने ‘शिवभारता’त या अरण्याचं वर्णन केलंय आणि त्यातला वारा न शिरणारा दाटपणा वाचतानाही जाणवतो. पक्षी ओरडत नाहीत हे तुमच्या लक्षात येत नाही. असल्या गोष्टी नंतर सांगताना आठवतात. तुमच्या लक्षात येतं ते एवढंच, की पुढचे थांबलेत. मागचे थांबत नाहीत. तुम्ही मध्ये चेंगरता.

मग नगारे वाजतात, आणि ते कुठे वाजतायत हे कळत नाही. डोंगराळ भागात आवाजाला दिशा नसते, हे सपाटीवरच्या माणसाला शिकवावं लागतं. तुमचा धडा आत्ता सुरू झालाय. बाण येतात, गोळ्या येतात, धोंडे येतात. शेजारचा म्हातारा बसतो. दमून बसला असेल असं तुम्हाला वाटतं. तुम्ही तोडा फुंकता, बंदूक उचलता, पण नेम धरायला माणूस दिसत नाही. नुसती पानं हलतात. तुम्ही पानांवर एक बार काढता. दिवसभरात तुम्ही लढलात ते एवढंच. दुसऱ्यांदा दारू ओतताना मागून एक बिथरलेला बैल अंगावर येतो आणि शिंगडा हातातून सुटतो.

पुढे काय झालं ते तुम्हाला कानोकानी कळतं. खानाने रायबागनला सल्ला विचारला. तिने त्याला स्पष्ट सांगितलं की सिंहाच्या रानात फौज आणून तू मोठी चूक केलीस, आता शरण जाण्यातच शहाणपण आहे. एवढ्या सरदारांच्या गराड्यात हे तोंडावर बोलणारी एकटी तीच. वकील गेला. समोर घोड्यावर महाराज होते, अंगात चिलखत, धनुष्यबाण आणि तलवार. जवळ असेल नसेल ते सगळं ठेवून जा, जीव घेऊन जा, असा निरोप आला. मग बंदुका, तलवारी, घोडी, थैल्या, तंबू यांचे ढीग लागले. तुम्ही तुमची बंदूक त्या ढिगावर ठेवली. तोडा अजून धुमसत होता, तो एका मावळ्याने पायाखाली विझवला आणि म्हणाला, “जा आता सांभाळून.” त्याच्या बोलण्याचा हेल वेगळा, बाकी शब्द तुमचेच.

घाट तुम्हाला पुन्हा चढायचाय. हात मोकळे आहेत, पाणी अजूनही नाही. नेताजी पालकर मागे थांबलाय, तुमच्यावर आणि शायिस्ताखानावर नजर ठेवायला. महाराज दाभोळ-संगमेश्वराच्या रोखाने निघूनही गेले. त्यांच्या दृष्टीने हा दिवस संपला. तुमच्या दृष्टीने तो माहूरला पोहोचेपर्यंत संपत नाही. म्हातारा तुमच्याबरोबर नाही.

त्या फौजेतल्या सरदारांची नावं कवीने नोंदवून ठेवली म्हणून वर मला ती सांगता आली. त्या म्हाताऱ्याचं नाव कुठेही नाही.

आता तुमची हौस पुरवू. पुढच्याच वर्षी, १६६२त, तुम्ही मराठ्यांच्या घोडदळात आहात आणि पेणजवळच्या मिऱ्या डोंगरावर निघालाय. आजचा महालमिऱ्या डोंगर तो हाच. इथे मोगल सरदार नामदारखान आहे आणि त्याच्यावर महाराज स्वतः चालून गेलेत. पेण का, तर पेण म्हणजे मीठ. भोगावतीच्या खाडीतून आलेला माल इथे उतरतो आणि बैलांच्या पाठीवर घाट चढतो. देशावरच्या भाकरीतलं मीठ ज्याच्या हातात, त्याच्या हातात घाटाचं दारही. पण तुमची ही फेरी आखूड आहे. लढाईबद्दल समकालीन नोंद त्रोटक आहे आणि नोंदीत नसलेलं रंगवून सांगायची मला सवय नाही. वाघोजी तुपे जखमी झाला, एवढं नाव हाती लागतं. तेवढं मात्र नीट ध्यानात ठेवा. या मुलखातल्या लढायांत जखमी माणसाचं नाव टिकणं ही दुर्मीळ गोष्ट आहे.

या दोन रणांच्या टप्प्यातच, पेण तालुक्यात, गागोदे नावाचं गाव आहे. ११ सप्टेंबर १८९५ला तिथे विनोबा जन्मले. योगायोगाला अर्थ चिकटवायचा मोह टाळतो आणि तुम्हाला रोह्याकडे नेतो.

शके १७१८, नल संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा. १७९६चा गुढीपाडवा. तुम्ही अवचितगडावरचे गडकरी शिपाई आहात. खाली कुंडलिका वाकडी-तिकडी वाहतेय, तिच्या काठांवर रोहा आणि अष्टमी. गडाच्या दक्षिण बुरुजावर आज गणेशाला वंदन करून ही तिथी दगडात कोरलेली आहे. तुम्ही खडकावर बसून ती बघताय. पाथरवटाने स्वतःचं नाव कोरलेलं नाही. तुमच्या नावाचा तर प्रश्नच नाही.

किल्ल्यावरचं शिपाईपण कसं असतं याची आपली कल्पना नाटक-सिनेमाने पार बिघडवली आहे. तुमची तलवार गेल्या दिवाळीपासून म्यानाबाहेर आलेली नाही. तुमचं काम बघत राहणं. दिवस मावळायच्या आत दरवाजा लागतो, मग रात्रीच्या चौक्या. जंगीतून खाली बघायचं, झाडीशिवाय काही दिसत नाही, तरी बघायचं. अवचितगडाला चारी बाजूंनी जंगलाने असं वेढलंय की शत्रूपेक्षा बिबट्या आधी पोहोचेल. पहाऱ्यावर झोप लागली तर हवालदार कातडी सोलेल, या एका भीतीने तुम्ही जागे राहता.

दिवसा पाणी. गडावर टाकी आहेत, बारा कोनांचा एक देखणा तलावही आहे, पण चैत्र-वैशाखात पाण्याची पातळी बोटाबोटाने उतरते आणि सबनिसाचा आवाज त्याच मापाने चढतो. मग दारू. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात याचे नियम घालून दिले होते: दारूखाना वस्तीपासून लांब असावा, दारू आणि बाण सर्द होऊ देऊ नयेत, आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने ते बाहेर काढून उन्हं दाखवावीत आणि पुन्हा मोहोर करून ठेवावेत. ऐंशी वर्षं उलटली तरी तुम्ही तेच करताय. कोकणातल्या दमट हवेशी दारूचं वैर मोगलांपेक्षा जुनं. पावसाळ्याआधी झोपड्या शाकारायच्या, तोफेच्या तोंडात गवताचा बोळा कोंबायचा, लाकूडफाटा वर वाहून आणायचा. नाचणीची भाकरी, सुकट, कांदा. मेढ्याच्या वाटेने बायको कधीमधी आंबे घेऊन येते. पोराचा ताप उतरला की नाही ते तिच्या तोंडून कळतं. ती दरवाजाबाहेरूनच परत जाते.

अशी वीस वर्षं काढा. १८१८च्या सुरुवातीच्या महिन्यांत कर्नल प्रॉथरची कंपनी फौज कोकणातले किल्ले एकामागून एक घेत येते: कर्नाळा, अवचितगड आणि बाकीचे. १० मे रोजी रायगड पडतो. वीस वर्षं ज्या शत्रूची वाट बघितली तो आला, आणि त्याच्या तोफा तुमच्या तटाला जुमानत नाहीत. किल्ला राखण्याची नोकरी म्हणजे काय ते त्या दिवशी कळतं: तुम्ही दगडाला राखत होता की दगड तुम्हाला, हा हिशोब कधी लागलाच नव्हता. तुम्ही भाताच्या खाचरात उतरता. रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस अजूनही सशस्त्र मानवंदना देतात. ती मानवंदना बघताना अवचितगडाची आठवण कोणाला येते का, मला शंका आहे.

पुढचा टप्पा मला वैयक्तिकदृष्ट्या सर्वांत अवघड वाटतो. तुम्ही महारवाड्यात जन्मलात. आजा कंपनीच्या पलटणीत होता, बाप पेन्शनीत. घरात एक बिल्ला आहे आणि वाचता येणारी दोन माणसं, कारण पलटणीत शाळा होती. गावात पाणवठ्यावर हात लावू न देणाऱ्या माणसांपेक्षा तुमच्या आज्याने जग जास्त पाहिलंय. आणि १८९०च्या दशकात सरकार ठरवतं की महार लढाऊ जात नाही, भरती बंद. ज्यांच्या जिवावर पलटणी उभ्या केल्या त्यांनाच दारं लावली. महाडकडच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः पलटणीतून निवृत्त, या अन्यायाविरुद्ध सरकारला अर्ज करतात. अर्ज धूळ खातो. मग महायुद्धात माणसं कमी पडतात आणि १९१७त १११ महार ही पलटण उभी राहते. तुम्ही धावत जाता. १९२१त ती मोडून टाकतात. तुम्ही गणवेश उतरवता, गावी येता आणि पाणवठा जिथे होता तिथेच असतो. सहा वर्षांनी, मार्च १९२७त, महाडच्या चवदार तळ्याकडे जो लोंढा निघतो त्यात कुलाबा-रत्नागिरीतले तुमच्यासारखे पलटणीतले लोक असतात. शिस्तीत चालतात, कारण चालायला सरकारनेच शिकवलेलं असतं.

आता त्याच महायुद्धाची दुसरी बाजू. वर्ष १९१५. तुम्ही पेणच्या खारेपाटाकडचे कुणबी किंवा मराठा, कुळाने जमीन कसणारे. पीक येतं, खोत येतो, खोत जातो, पीकही जातं. शूरपणाबिरपणा राहू दे. पगार रोख आहे आणि दोन वेळचं जेवण आहे म्हणून तुम्ही भरती होता. इंग्रज लेखकांनी मराठा शिपायाच्या काटकपणावर पानंच्या पानं लिहिली. काटकपणा कुठून आला, यावर कोणी फारसं लिहिलं नाही. तो खोताने दिला होता. धरमतरला बोट, मुंबईला दुसरी मोठी बोट, आणि मग एक असा देश जिथे डोंगर नाही, झाड नाही, पाऊस नाही. नुसती माती आणि टायग्रिस नदी. साहेब त्याला मेसोपोटेमिया म्हणतो, तुम्ही बसरा म्हणता. गावी सगळेच बसरा म्हणतात.

१०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी जनरल टाउनशेंडच्या फौजेबरोबर बगदादच्या दाराशी जाऊन मागे फिरल्या आणि कूत-अल-अमारा या नदीच्या वळणावरच्या गावात अडकल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने. तुमची जागा खंदकात आहे. पाऊस इथे पडत नाही असं वाटलं होतं, तो पडतो आणि खंदक चिखलाने भरतो. पहिल्या महिन्यात तुम्ही तोफांना भिता. तिसऱ्या महिन्यात तोफेकडे लक्ष नसतं. शिधा किती मिळणार इकडे असतं. आटा कमी होत जातो. तांदूळ तर स्वप्नात. साहेब घोडी कापायला लावतो. तुमच्या रांगेतले बरेचसे हात लावत नाहीत. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीचे निरोप मागवून वाचून दाखवले जातात, तरी नाही. “घरी कळलं तर जेवायला पंगतीत बसवतील का?” हा प्रश्न भुकेपेक्षा मोठा असतो, आणि हे आज हसण्यावारी नेणाऱ्याने त्या पंगतीचं वजन ओळखलेलं नाही. हिरड्या सुजतात, जुन्या जखमा उघडतात. शेवटी एप्रिलमध्ये तुम्ही खाता. आकाशातून विमानं पिठाची पोती टाकतात, काही गावात पडतात, काही नदीत. पोतं नदीत पडताना तुम्ही बघता.

शरणागतीनंतर वाळवंटातून पायी चालवत नेतात. हजारो कैदी परतले नाहीत. तुम्ही परतलात असं धरू.

नंतर सरकारने कोकणात आणि देशावर अनेक गावांत एक छोटी दगडी पाटी बसवली. १९१४ ते १९१९ या महायुद्धात या गावातून इतके लोक गेले, पैकी इतके मेले, एवढाच मजकूर. आकडा आहे, नाव नाही. बसऱ्याच्या स्मारकावरही तोच न्याय झाला: अधिकाऱ्यांची नावं दगडात आणि हिंदी जवानांचा पलटणवार नुसता आकडा. ब्रिटिश साम्राज्यातल्या युद्धमृतांच्या कबरी सांभाळणाऱ्या आयोगाने हे असमान वागणं २०२१त अहवाल काढून कबूल केलं आणि माफी मागितली. शंभर वर्षं लागली, पण मागितली.

शेवटची फेरी. १० जुलै १९४४. इटली, टायबर नदीचं वरचं खोरं. इथे तुम्ही नाईक यशवंत घाडगे यांच्या रायफल सेक्शनमध्ये आहात. पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी. नाईक तुमच्याच बाजूचा, रोह्याला लागून असलेल्या माणगाव तालुक्यातला पळसगावचा. वय बावीस. समोर उतार, दगडी बांध, वर जर्मन. पळसगावचा पोरगा असो की रोह्याचा, असल्या चढावर पाऊल कसं टाकायचं हे बेळगावच्या सेंटरने शिकवायच्या आधीपासून पायाला माहीत असतं. पलटणीची ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही आरोळी याच युद्धात, आफ्रिकेतल्या केरेनच्या डोंगरात रूढ झाली. उंबरखिंडीत ज्यांच्यासमोर तुम्ही बंदूक टाकली होती त्यांच्या नावाने तुम्ही आता परक्या डोंगरावर परक्या राजासाठी चढताय. नशिबाला विनोद कळतो.

मशीनगन अगदी जवळून सुरू होते. सेक्शन पडतं. तुम्हीही पडता, एक तर मेलात किंवा जखमी झालात, कारण नाईकाखेरीज कोणी धड उरलेलं नाही. पुढचं तुम्ही जमिनीला गाल लावून बघता. मागून कोणी येणार नाही हे त्याला पक्कं माहीत आहे. तो धावतो. ग्रेनेड टाकतो, मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गप्प होतात. मग टॉमीगनने आणखी एकाला. मॅगझिन रिकामं होतं. नवं चढवायला वेळ नाही, म्हणून तो बंदूक नळीच्या बाजूने धरतो आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने मारतो. मग दुसरीकडून शत्रूचे नेमबाज त्याला छातीत आणि पाठीत गोळ्या घालतात. एकट्याने घेतलेल्या त्याच मोर्च्यात तो पडतो.

त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नळीच्या बाजूने धरलेली बंदूक मात्र पदकाच्या मजकुरात वाचताना वेगळी वाटते आणि विचार केला तर वेगळी. शिंगडा सुटलेला बंदूकची आणि मॅगझिन संपलेला नाईक, दोघांच्या हातात शेवटी उरलं ते लाकूड आणि लोखंड. त्यांच्यात तीनशे वर्षांची हत्यारं येऊन गेली.

घाडगे यांची कबर ज्ञात नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. माणगावात तहसील कचेरीसमोर त्यांचा पुतळा आहे आणि २०२३त इटलीतल्या मोंटोने गावात त्यांच्या नावाने एक सूर्यघडी उभी केली गेली. सेक्शनमधल्या तुमचं काय, ते ज्याने त्याने आपापल्या घरात शोधायचं आहे.

म्हणून एक विनंती. पेण, रोहा, माणगाव, सुधागड, महाड यांतल्या कोणत्याही गावात तुमचं जुनं घर असेल आणि माळ्यावर पत्र्याची ट्रंक असेल तर ती उघडा. पेन्शनचं पुस्तक, डिस्चार्जचा कागद, कडेला नंबर आणि नाव कोरलेलं पदक, यांतलं काही सापडलं तर त्याचा फोटो काढून ठेवा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्याबद्दल विचारा आणि अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांतल्या मृतांची नावं शोधता येतात. अनेक नोंदींत बापाचं नाव आणि गावही असतं. स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानाला ऐकू आलं तसं आहे, तेव्हा दोन-चार तऱ्हांनी शोधा. आणि जिल्ह्याच्या जागी रायगड टाकू नका, कुलाबा टाका. १९८१पर्यंत या जिल्ह्याचं नाव तेच होतं.